गरिबाची पत

गरीब मनुष्य गरीब कां राहतो, या प्रश्नास आपल्या समाजांत एक ठरीव उत्तर मिळतें: त्यास पैसा जपतां येत नाहीं. हें उत्तर देणारांनीं बाजाराच्या दिवशीं भाजी विकणाऱ्या बाईचा हिशेब कधीं ऐकला नसावा. सकाळीं उसन्या घेतलेल्या भांडवलाचें व्याज, गाडीभाडें, उन्हानें सुकून गेलेल्या जुड्या, हें सर्व ती तोंडीं मांडते. आणि संध्याकाळीं आपल्या हातीं काय उरणार हें तिला दुपारींच ठाऊक असतें. तिच्यापाशीं अक्कल आहे, कष्ट आहेत; नाहीं ती पत.

सातारा जिल्ह्यांतील माण तालुका हा पर्जन्यछायेचा मुलूख. तेथील म्हसवड गांवीं रस्त्याच्या कडेला लोखंडकाम करून पोट भरणाऱ्या एका स्त्रीस पावसाळ्यापूर्वीं आपल्या खोपटावर घालावयास ताडपत्री हवी होती. त्यासाठीं रोज दोनचार रुपये साठवावे म्हणून ती बँकेकडे गेली. इतक्या लहान रकमेचें खातें उघडण्यास बँक तयार होईना. वाचकांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, ती कर्ज मागावयास गेलीच नव्हती. आपलाच पैसा सुरक्षित राहावा, एवढेंच तिचें मागणें. श्रीमती चेतना गाला सिन्हा यांनीं ही अडचण ऐकली आणि स्त्रियांचीच बँक काढावी असें ठरविलें. रिझर्व्ह बँकेकडे केलेला पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण सभासदांपैकीं पुष्कळ जणींनीं सहीच्या जागीं अंगठा उठविला होता. बायका रडत बसल्या नाहींत. त्यांनीं अक्षरें गिरविलीं आणि कांहीं महिन्यांनीं त्या पुन्हां अधिकाऱ्यांपुढें उभ्या राहिल्या. आम्हांस वाचतां येत नसेल, पण कोणत्याहि रकमेचें व्याज आम्ही तोंडीं सांगतों, तुम्ही पडताळून पाहा, असें त्यांचें म्हणणें होतें. १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

या हकीकतींत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो तिचा क्रम. आधीं बचत, मग कर्ज. बाजार सोडून बँकेंत येणें म्हणजे दिवसाची कमाई बुडविणें, म्हणून बँकेचीं माणसें दारीं जाऊं लागलीं. पासबुक घरीं सांपडलें कीं नवरा पैसे मागेल, ही भीति कित्येकींस होती. तिचाहि विचार करावा लागला. (नवऱ्यांविषयीं याहून अधिक लिहीत नाहीं, वार्षिक अंक घरोघर जातो.) ज्या संस्थेनें गरिबाची ठेव जपली, तिलाच त्यास कर्ज देण्याचा खरा अधिकार पोहोंचतो, असें माझें स्पष्ट मत आहे.

हें मत सर्वांस पटणार नाहीं. लहान कर्ज हीच जगांतील दारिद्र्यावरची रामबाण मात्रा, असा डंका बरींच वर्षें वाजत होता, आणि त्याचा उगम खरोखरच थोर होता. बांगलादेशांतील चितगांव विद्यापीठाचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनीं १९७६ सालीं शेजारच्या जोब्रा खेड्यांत चौकशी केली, तेव्हां ४२ माणसें मिळून अवघे ८५६ टाका देणें लागत होतीं. एवढ्याशा रकमेपायीं बांबूचीं आसनें विणणारी स्त्री आपला माल व्यापारी सांगेल त्याच भावानें त्यास देई. युनूस यांनीं तें देणें आपल्या खिशांतून भागविलें. १९८३ सालीं त्या प्रयत्नांतून ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ सालीं दोघांस मिळून शांततेचें नोबेल पारितोषिक लाभलें.

परंतु जेथें परोपकारास यश येतें तेथें नफाहि वास काढीत येतो. आंध्र प्रदेशांत लहान कर्जें देणाऱ्या कंपन्यांनीं एकाच घरांत तीनतीन, चारचार कर्जें कोंबलीं. परतफेड जवळजवळ शंभर टक्के होत असे, आणि तिचाच दाखला देऊन सर्व कांहीं उत्तम चाललें आहे असें सांगण्यांत येई. दुसऱ्या कंपनीचें कर्ज काढून पहिलीचा हप्ता भरला जात होता, हें कोण पाहणार? २०१० च्या ऑगस्टांत तेथील एका मोठ्या कंपनीचे शेअर बाजारांत आले. कर्जदारांच्या आत्महत्यांच्या वार्ता येऊं लागल्या आणि ऑक्टोबरांत सरकारास वटहुकूम काढावा लागला. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें चिडलेल्या कुणब्यांनीं सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले होते. सव्वाशेंहून अधिक वर्षें लोटलीं, सावकाराच्या जागीं कंपनी आली. पण ऋणकोच्या गळ्याभोंवतालचा फांस तोच.

मग कर्ज निरुपयोगी म्हणावें काय? तसेंहि नाहीं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांचे सहकारी यांनीं हैदराबादच्या १०४ गरीब वस्त्यांत या गोष्टीचा कसोशीनें अभ्यास केला. त्यांपैकीं निम्म्या वस्त्यांत कर्जसंस्था आधीं नेली, निम्म्यांत नाहीं. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, लोकांनीं धंद्यांत कांहीं अधिक पैसा घातला, टिकाऊ वस्तू घेतल्या, चहा-तंबाखूसारखा खर्च आंखडला. परंतु मुलांच्या शिक्षणांत, आरोग्यांत वा स्त्रियांच्या अधिकारांत ठळक फरक दिसला नाहीं. पैशानें पैशाचें काम केलें, एवढेंच.

उरलेलें काम गांवास करावें लागतें. शेळी घेण्यास कर्ज दिलें आणि चारा नसेल, तर शेळी मरते व हप्ता मात्र जिवंत राहतो. माण तालुक्यांत हें शब्दशः खरें आहे. २०१२ च्या दुष्काळांत माणदेशीच्या मंडळींनीं म्हसवडास गुरांची छावणी उघडली. हजारों जनावरें आणि त्यांचे धनी महिनोन् महिने तेथें राहिले. हें बँकेचें काम नव्हे, असें कोणी हिशेबी म्हणेल. पण जनावर विकलें गेलें असतें तर त्या कुटुंबाची पत कशावर उभी राहती? याच मंडळींनीं गाडींत थाटलेली फिरती उद्योगशाळा खेडोपाडीं नेली, स्वतःचें रेडिओ केंद्र चालविलें, पाणी अडविण्याचीं कामें केलीं. कर्जाच्या वहींत यांपैकीं कशाचीहि नोंद दिसत नाहीं.

आतां विद्यार्थिमित्रांनो, गणिताची वही काढा. दहा हजारांचें कर्ज, सालीना बारा टक्के, बारा समान मासिक हप्ते. सावकार वर्षाचें व्याज बाराशें धरतो व अकरा हजार दोनशें वसूल करतो. परंतु दहा हजार रुपये ऋणकोच्या हातीं फक्त पहिला महिना असतात. पुढें मुद्दल दरमहा घटत जातें आणि वर्षाची सरासरी साडेपांच हजारांच्याहि आंत येते. त्या सरासरीवर बाराशें रुपये व्याज म्हणजे शेंकडा किती, तें काढा. उत्तर बाविसाच्या घरांत येईल. घरीं कर्जाची एखादी पावती असेल तर आईबापांच्या परवानगीनें तिच्यावरहि हाच हिशेब करून पाहा. म्हसवडच्या बायकांस तो अंगठ्याच्या काळांतहि येत होता.