फटींचा पाठभेद

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात रंग आणि क्रोम पाहून झाले की जाणकार मंडळी खाली वाकतात आणि दार व मडगार्ड यांच्यामधल्या फटीवरून नजर फिरवतात. फट वरपासून खालपर्यंत सारखी असेल तर माना डोलतात. एके ठिकाणी चार मिलिमीटर आणि दुसरीकडे सात निघाली, की 'काम कच्चे आहे' असा शेरा पडतो. या शेऱ्याविषयी काही म्हणायचे आहे.

निमित्त घरचेच आहे. वडिलांच्या मागे अंगणात उभी राहिलेली प्रीमियर पद्मिनी पुन्हा चालती करावी असे थोरल्या भावाने ठरवले. पत्र्याचे काम पाहणाऱ्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी मला विचारले, "सर, फटी कंपनीसारख्या ठेवू, की सारख्या करू?" प्रश्न ऐकून मी चमकलो. पाठसंपादनावर वर्षानुवर्षे व्याख्याने देऊनही त्यातला पेच इतक्या कमी शब्दांत मला कधी मांडता आला नव्हता.

कारण कंपनीच्या फटी सारख्या नव्हत्याच. १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' या नावाने कुर्ल्याला तयार होऊ लागलेली ही गाडी १९७४ पासून 'पद्मिनी' म्हणून ओळखली जाऊ लागली आणि बाह्य रूपात फारसा बदल न होता जवळजवळ शतकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिली. दारे बसवण्याचे काम माणसांच्या हातचे होते. दार लावून पाहायचे, अडले तर थोडे वाकवायचे, पुन्हा लावायचे. आजच्या गाड्यांतील एकसारखी रेघ त्या काळच्या गाडीत शोधणे म्हणजे हस्तलिखितात छापील टाइप शोधण्यासारखे आहे.

अर्थात प्रत्येक वाकडी फट मुळातलीच असते असे मानणे हाही भाबडेपणाच. आमच्या गाडीचे चालकाकडचे दार किंचित उचलल्याशिवाय लागत नसे, आणि ती त्या गाडीची 'लकब' आहे असे आम्ही सगळे समजत होतो. मिस्त्रींनी दार उघडले, टोकाला धरून वर-खाली हलवले. बिजागरीच्या पिना झिजल्या होत्या. पण दोष तेवढाच नव्हता. या गाडीला वेगळी चासी नसते, भार अंगच्या पत्र्यानेच पेलायचा असतो. दाराखालचा पोकळ उंबरा गंजला की गाडी मध्यात बसते आणि दाराची फट वरच्या बाजूला आवळते, खाली फाकते. आमच्याकडे नेमके तेच झालेले होते.

त्यावर एकदा 'इलाज' झालाही होता. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजने दाराच्या कडेला पुट्टी भरून फट सुरेख सारखी करून दिली होती. वर्षभर ती शोभली. मग दार आपटेल तशा कडांच्या कपच्या उडू लागल्या, पाणी मुरले, आणि झाकलेला गंज आतल्या आत पसरत गेला.

मिस्त्रींची रीत उलटी. गाडी सपाट फरशीवर, जॅकवर नव्हे तर स्वतःच्या चाकांवर उभी करायची. उंबरा कापण्याआधी दाराच्या चौकटीत आतून लोखंडी आधार जोडायचे, नाहीतर जुना पत्रा निघताच उरलेला सांगाडा हलतो. मागचा पत्रा जागचा हलत नाही, म्हणून आधी त्याच्याशी मागचे दार जुळवायचे, मागच्याशी पुढचे, मग मडगार्ड आणि सर्वांत शेवटी बॉनेट. काच आणि नवे रबर बसवूनच पाहायचे, कारण काचेच्या वजनाने दार उतरते आणि नवे रबर त्याला बाहेर ढकलते. हे सारे रंगाआधी. रंगाचे थरही कडांवर जागा खातात.

लेखनिकाचा प्रमाद आणि ग्रंथकाराची लकब यांत भेद करा, असे आपण वर्गात सांगतो. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती मधल्या काळात शिरलेले अपपाठ दूर करण्यासाठी. १९६२च्या लेखनविषयक नियमांनंतर जुन्या पुस्तकांच्या पुनर्मुद्रणांतून अनुच्चारित अनुस्वार गाळले गेले, ती गोष्ट निराळी. तिथे चूक दुरुस्त झाली नाही. जुन्या लेखनाला नव्या डोळ्याची सवय लावली गेली. वाचकाच्या सोयीसाठी ते करावे, माझी हरकत नाही. मात्र अशा पुस्तकावर 'मूळ संहिता' असे छापू नये. गाडीच्या फटीही हौसेने सारख्या कराव्यात, पण मग प्रदर्शनातल्या पाटीवर 'मूळ स्वरूपात' हे शब्द नकोत.

"गाडी म्हणजे पोथी नव्हे," असे भावाचे म्हणणे. तिला रस्त्यावर धावायचे आहे, पावसात पाणी आत येता कामा नये. हे मान्य. म्हणूनच झीज आणि गंज यांना माझ्या लेखी अभय नाही. माझा मुद्दा उरलेल्या फटींचा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेली. आता ज्या गाड्या उरल्या त्या बहुतांशी हौशी लोकांच्या आहेत. त्या सगळ्या एकाच चकचकीत मापाला आणल्या गेल्या, तर कुर्ल्याच्या हातांचे काम प्रत्यक्षात कसे होते हे सांगणारी एकही प्रत शिल्लक राहणार नाही. निदान गाडी सुटी करण्यापूर्वी प्रत्येक फट तीन ठिकाणी मोजून वहीत लिहून ठेवावी, छायाचित्रे घ्यावीत. एका संध्याकाळचे काम आहे, पण ते करणारा मला अजून भेटलेला नाही. (आमच्याकडेही ते अर्धे सुटल्यावर सुचले.)

शेवटी असे ठरले, की पिना आणि उंबरा नवा, पुट्टी सगळी खरवडायची. डाव्या मागच्या दाराची फट खाली मिलिमीटरभर जास्त आहे. तिच्यामागे गंज, झीज किंवा अपघाताची खूण काहीच सापडले नाही. ती तशीच राहिली. भाऊ अजून नाराज आहे.

चालकाकडचे दार आता एका बोटाने लागते. आई मात्र ते उचलूनच लावते. मिस्त्री दोनदा म्हणाले, "काकू, उचलू नका, सरळ लागतंय आता." ती हो म्हणाली आणि पुन्हा उचलून लावले.