वारसा पेटीत नाही, आवाजात आहे

‘जुने ते सोने’ ही म्हण हल्ली स्पीकरलाही लावली जाते. ऐंशीच्या दशकातली लाकडी जोडी विकायला निघाली आहे, ती घ्यावी की तेवढ्याच पैशात आजची लहान जोडी आणावी, असे आमच्या माहूरमध्ये मला दोघा-तिघांनी विचारले. माझे मत असे, की दुरुस्त करणारा कारागीर हाताशी असेल तरच जुनी घ्यावी. नसेल तर नवी.

जुन्या जोडीचे गुण खरे आहेत. कागदी पडद्यावर माणसाचा गळा, हार्मोनियम, टाळ्या फार मोकळ्या ऐकू येतात. पुष्कळशा जुन्या जोड्या थोड्या वॅटच्या अॅम्प्लिफायरवरही दणक्यात वाजतात. स्पीकरची संवेदनशीलता ३ डेसिबलने कमी असली, तर तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट ताकद लागते. लहान नव्या पेट्या बहुधा इथेच कमी पडतात. त्यातली एखादी ४ ओहमची जोडी जुन्या अॅम्प्लिफायरला लावली, तर तो तापतो.

पण काळ कुणाला सोडत नाही. पडद्याच्या कडेचा फोम १५-२० वर्षांत भुगा होतो, आतले कपॅसिटर सुकतात. कड रबराची वा कापडाची असेल तर ती जास्त टिकते, म्हणून घेताना जाळी काढून आधी तेच पाहावे. फोम बदलायला नांदेड गाठायचे, म्हणजे शंभराहून जास्त किलोमीटर. जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेला रोज धरला, तर स्वस्तातली जोडी महाग पडते.

नव्या पेटीला नुसते प्लॅस्टिक म्हणून हिणवणेही बरोबर नाही. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी मांडलेल्या गणितामुळे लहान पेटीतूनही किती खर्ज निघेल हे आधीच मोजता येऊ लागले. मात्र अॅम्प्लिफायर आतच असलेली पेटी बिघडली, तर सगळेच बंद पडते, हेही ध्यानात ठेवावे.

बार्शीचे महबूब हुसेन पटेल, म्हणजे आपले शाहीर अमर शेख, १९६९ मध्ये गेले. त्यांचा पहाडी आवाज जुन्याच पेटीवर ऐकावा, असा आग्रह धरणाऱ्यांना मी विचारतो, त्यांचे ध्वनिमुद्रण तुमच्याकडे आहे का? आपल्या घराघरांत उरुसाच्या कव्वाल्यांच्या, लग्नातल्या गाण्यांच्या, आजीने म्हटलेल्या ओव्यांच्या कॅसेटी कपाटात बुरशी धरत पडल्या आहेत. स्पीकर उद्याही मिळेल. ती फीत एकदा गेली, की दादीचा आवाज कुठल्याच दुकानात मिळणार नाही.

म्हणून गाठीला पैसे मोजकेच असतील, तर आधी त्या कॅसेटी संगणकावर उतरवून घ्याव्यात. उरलेल्या पैशात जी धडकी जोडी मिळेल ती आणावी, नवी असो वा जुनी. आपल्या माणसांचा आवाज ओळखू आला, म्हणजे झाले.