विसर्जनाचा विचार मूर्ती घडतानाच व्हावा

पार्थिव म्हणजे पृथ्वीपासून झालेले. गणेशचतुर्थीच्या व्रतात मूर्ती पार्थिव सांगितली आहे, त्यामागे मोठी योजना आहे. आवाहनाने पूजेला आरंभ होतो आणि विसर्जनाने सांगता. म्हणजे मूर्ती घडण्यापूर्वीच तिचा शेवट ठरलेला असतो. कोणतीही वस्तू निर्माण करताना तिच्या अंताचा विचार करावा, असे आजचे योजनाशास्त्र सांगते. आपल्या व्रतात तो विचार मुळातच आहे.

प्लास्टर ऑफ पॅरिसने ही साखळी तुटली. जिप्सम भाजून केलेली ही भुकटी पाण्यात कालवली की घटकाभरात घट्ट होते आणि पुन्हा जिप्समच बनते. एक लिटर पाण्यात ते जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते. या हिशेबाने चार किलोंची मूर्ती पुरती विरघळण्यास दीड हजार लिटरांहून अधिक पाणी हवे. मग बादलीत किंवा साचलेल्या तळ्यात ती विरघळावी कशी? उत्तरपूजेनंतर ज्या रूपाचे भग्नावशेष काठावर पाहवत नाहीत, ते आपल्याच निवडीचे फळ आहे.

तथापि सारा दोष मूर्तिकारांच्या माथी मारणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. शाडूची मूर्ती जड, ठिसूळ आणि वाळण्यास संथ. त्यातून ही माती बहुतांशी गुजरातेतून आणावी लागते. प्लास्टरची मूर्ती हलकी, स्वस्त आणि दूरच्या प्रवासात टिकणारी. पेणसारख्या गावांतील अनेक कुटुंबांची चूल या धंद्यावर पेटते. नुसत्या मनाईने ती विझेल, प्रश्न मात्र सुटणार नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. जून 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडविण्यास मोकळीक दिली. परंतु नैसर्गिक जलाशयांतील विसर्जनास अनुमती दिली नाही. पुढे जुलैत सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित कराव्यात आणि त्याहून उंच मूर्तींना मार्च 2026 पर्यंत सवलत असावी, असे ठरले. म्हणजे घडविण्यास मुभा आणि बुडविण्यास बंधन! हा पेच न्यायालयात पुरता सुटणारा नव्हे. तो आपल्या देवघरात आणि मंडपात सुटावयास हवा.

मार्ग नाहीत असे नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटची रीत दाखवून दिली आहे. जवळपास मूर्तीच्याच वजनाइतके हे द्रव्य पाण्यात घातले, तर प्लास्टरचा खडू होतो आणि उरलेल्या पाण्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे खत, राहते. हा उपाय चांगला खरा, पण तो रोगानंतरचे औषध आहे. त्याहून सोपा मार्ग पुण्यातील अनेक मंडळांनी चोखाळला आहे. त्यांची मोठी उत्सवमूर्ती वर्षानुवर्षे तीच राहते. विसर्जन होते ते लहान पूजामूर्तीचे. यात शोभा उणावत नाही, भक्तीही उणावत नाही. घरोघरीही धातूची मूर्ती कायम ठेवून पूजेची सुपारी विसर्जित करण्याची सोय आहेच.

मातीची मूर्ती पत्करली म्हणजे कर्तव्य संपले, असेही नाही. शाडूचा गाळही तळ्याच्या बुडाशी साचतोच. म्हणून मूर्ती लहान असावी, रंग साधे असावेत, विसर्जन घरच्या घमेल्यात व्हावे आणि ती माती तुळशीच्या वृंदावनात किंवा मूर्तिकाराकडे परत जावी.

भाविकहो, पुढल्या वर्षीची मूर्ती सांगावयास जाल तेव्हा किमतीआधी एवढेच विचारा: ही कशाची आहे, आणि विसर्जनानंतर हिचे काय होणार? मातीच्या मूर्तीला चार पैसे अधिक पडले तर घासाघीस करू नका. ते पैसे मूर्तिकाराच्या हाती पडू द्या. नाहीतर तोच भार उद्या गावच्या तळ्यावर पडेल.