काळविटाला डोक्यावर बसवायचं का?

दिवाळी सरली की घरोघरी माळ्यावरची लोकरीची पिशवी खाली येते. नव्या नातवंडासाठी कानटोपी, यजमानांसाठी मफलर, उरलेल्या गुंड्यांतून लेकरांचे मोजे. परभणीची थंडी काही साधी नाही हो! २०१८ च्या डिसेंबरात पारा २ अंशांच्या आसपास उतरला होता, तेव्हा शाळेत जाणाऱ्या पोरांचे कान लालबुंद व्हायचे.

पण मैत्रिणींनो, या टोप्यांवर आपण विणतो काय? पुस्तकात असेल ते. बर्फातलं रेनडियर, पेंग्विन, नाहीतर टेडी. वालूरच्या लेकरानं पेंग्विन कुठं पाहिलाय? आणि इथं सेलू-जिंतूरच्या माळावर उड्या मारत जाणारा काळवीट मात्र एकाही टोपीवर नाही. माझं म्हणणं एवढंच, की रानातलं जे आपल्या डोळ्यांसमोर आहे ते आधी लोकरीत यावं.

विणायला तो तसा सोपा आहे. नराची पाठ काळी, पोट पांढरं, पिळाची उभी शिंगं. पाहताक्षणी ओळखू येतो. मादी आणि पिल्लं बदामी रंगाची असतात, आपण त्यांना नुसतं हरीण म्हणतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या टोपीला नेहमीच्या जाडीच्या लोकरीचे ९६ टाके पुरतात. १० नंबरच्या सुयांवर सुलट-उलट पट्टी काढायची, मग ८ नंबरच्या सुया घ्यायच्या. एक काळवीट २४ टाक्यांत बसतो, म्हणजे टोपीभोवती चार होतात. गोल सुई नसेल तर दोन सुयांवर सपाट विणा, कडेला एकेक टाका जास्त घाला आणि मागे शिवण घ्या.

नक्षी चौकटीच्या वहीत काढायची, एक चौकट म्हणजे एक टाका. मात्र एक गोष्ट पुस्तकवाले फारसं सांगत नाहीत. टाका उंचीला कमी आणि रुंदीला जास्त असतो. त्यामुळे वहीत डौलदार दिसणारा काळवीट सुईवर बुटका होतो, थेट शेळीच! म्हणून पाय आणि शिंगं वहीत दोन-तीन ओळींनी लांब काढावीत. शिंगाचा पीळ हवा तर दर दोन ओळींनी काळा टाका एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे सरकवावा. एका ओळीत दोनच रंग ठेवा, काळा आणि जमिनीचा मातकट. पोटाचं आणि डोळ्याभोवतीचं पांढरं शेवटी शिवणसुईनं त्याच टाक्यांवरून भरता येतं. जो रंग विणत नाही त्याचा धागा मागून जातो, तो ओढायचा नाही, नाहीतर टोपी आक्रसते. पाच टाक्यांहून लांब जात असेल तर मध्ये एकदा दुसऱ्या धाग्यात अडकवून घ्या, नाहीतर घालताना लेकराची बोटं त्यात गुंततात. मागून जाणाऱ्या या धाग्यामुळेच दोन रंगांची टोपी जास्त ऊबदार होते.

वरचं टोक मिटवताना बारा-बारा टाक्यांचे आठ भाग करून एक ओळ सोडून एक घट घालत गेलं, की घटींच्या रेघा गोल फिरत मध्यावर येतात. आपल्या गावच्या बारवेच्या चक्राकार पायऱ्या जशा फिरत पाण्यापर्यंत उतरतात, अगदी तशा.

आता खरा प्रश्न. बचत गटाच्या बैठकीत मी ही नक्षी दाखवली, तर शेतकरी घरातल्या एक काकू चिडून म्हणाल्या, "त्यानं आमचा अर्धा हरबरा खाल्ला अन् तुम्ही त्यालाच डोक्यावर बसवता व्हय?"

सगळ्या हसल्या. पण काकूंचं चुकलं कुठं? रात्रभर जागून वावर राखायचं, पत्र्याचे डबे वाजवायचे, आणि सकाळी कळप फिरून गेलेला. ज्यांच्या घरी हरणांनी पीक खाल्लं नाही त्यांनी हरणाचं कौतुक करणं फार सोपं असतं. काळविटाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं. पण हरणांनी केलेल्या नुकसानीची भरपाई वनविभागाकडून मिळते, हे किती बायकांना माहीत आहे? सातबारा घेऊन लगेच अर्ज करावा लागतो, पंचनामा व्हावा लागतो. टोपी विणणाऱ्या गटानं हा अर्ज भरून द्यायलाही बसावं. तरच काळविटाची टोपी विणण्याचा आपल्याला हक्क आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

नावडत्या प्राण्याला हातमागावर आणणाऱ्या बायका आपल्याच देशात आहेत. आसामच्या कामरूप जिल्ह्यात हरगिला नावाचा मोठा करकोचा आहे. घाण खाणारा, दुर्गंधी पसरवणारा, अपशकुनी म्हणून लोक त्याची घरट्यांची झाडंच तोडायचे. पूर्णिमा देवी बर्मन यांनी गावच्या बायकांना गोळा केलं. त्यांनी पक्ष्याचं डोहाळजेवण केलं, साड्यांवर आणि गमछ्यांवर हरगिला विणला, आणि ते कापड विकून घरात पैसाही आणला. दादरा, पचारिया, सिंगीमारी या गावांतली घरटी २८ वरून २५० च्या पुढं गेली. २०२२ मध्ये बर्मन यांना संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' पुरस्कार मिळाला. अर्थात हरगिला कुणाचं पीक खात नाही. आपलं काम त्याहून अवघड आहे.

पैशाचं निघालंच आहे तर सांगते. नॉर्वेत सेलबू नावाचं गाव आहे (आपल्या सेलूचं जुळं भावंडच वाटावं!). १८५७ मध्ये तिथल्या मारित नावाच्या मुलीनं काळ्या-पांढऱ्या लोकरीत आठ पाकळ्यांचं फूल घालून हातमोजे विणले. ते पाहून गावातल्या इतर मुली शिकल्या. पुढं हे हातमोजे गावाच्या कमाईचं साधन झाले आणि ते फूल आज गावाच्या मानचिन्हावर आहे. आपल्याकडे मात्र चार रात्री जागून विणलेली टोपी "घरचीच तर आहे" म्हणून फुकट जाते. लोकरीचे पैसे धरतो, हाताचे धरत नाही. गटात आम्ही ठरवलंय की मजुरी वेगळी लिहायची, मग टोपी भाचीला दिली तरी चालेल.

काकूंनी काळवीट अजून विणलेला नाही. परवा मात्र त्या वही घेऊन आल्या आणि टिटवी काढून मागितली. रात्री ओरडली की अशुभ म्हणतात, तीच. काळं डोकं, काळी छाती, बदामी पाठ आणि चोचीपाशी लाल ठिपका. मी म्हटलं, "काकू, हिला तर कुणी दारात उभं करत नाही." तर म्हणाल्या, "करत नसतील. पण ती माझ्या बांधावर अंडी घालते, अन् तिनं माझा एक दाणा खाल्ला नाही."

लाल लोकर तेवढी सेलूहून आणायची राहिली आहे.