सहीविना हुकूम

एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कालावलची खाडी, अशा वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या तोंडवली-तळाशीलचा मी मूळ रहिवासी. ईश्वराचे अस्तित्व मी मानीत नाही, असे परदेशातील आपल्या मराठी मंडळातील स्नेह्यांना सांगितले म्हणजे हा परदेशच्या हवापाण्याचा परिणाम असावा, असा त्यांचा जो ग्रह होतो, तो दूर करणे मला अगत्याचे वाटते. नास्तिक्याचा पहिला धडा मला कोकणातच, एका देवळाच्या गाभाऱ्यासमोर मिळाला.

कौलाची रीत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. गुरव पाषाणाला पाण्याने ओल्या केलेल्या कळ्या लावतो, गाऱ्हाणे घालतो, आणि उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, असे समजून मंडळी उठतात. माझ्या आत्येची सोयरीक जवळजवळ ठरली असता घरच्यांनी कौल लावला, तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा होतो. समईच्या उजेडात पाण्याचा एक बारीक ओघळ पाषाणावरून हळूहळू उतरत डाव्या कळीपाशी येऊन थांबलेला मला दिसला. ती कळी किंचित हलली आणि घरंगळली. तेवढ्यावर सोयरीक मोडली, आणि पुढे दुसरी जुळली नाही. हा निर्णय कोणाचा, असे मी मोठेपणी विचारू लागलो, तेव्हा आजोबांनी गुरवाकडे बोट दाखविले, गुरवाने देवाकडे. आणि देव मुका असल्यामुळे चौकशी तेथेच खुंटली. मामलेदाराने चुकीचा हुकूम दिला, तरी त्याखाली सही-शिक्का असतो, दफ्तरात त्याची नोंद राहते आणि वर प्रांताकडे अपील करता येते. परंतु एका स्त्रीचे सारे आयुष्य ज्याने ठरविले, त्या हुकमाखाली कोणाचीच सही नव्हती.

संघटित धर्मावर माझा जो मुख्य आक्षेप आहे, तो हाच. संकटकाळी देवापुढे हात जोडणाऱ्या माणसाच्या श्रद्धेशी माझे भांडण नाही. ती श्रद्धा मला खरी वाटत नाही, इतकेच. आमच्या उत्तरेस आचऱ्याला गावपळण होते, तेव्हा रामेश्वराच्या कौलाने सारा गाव गुरेढोरे, कोंबड्याकुत्र्यांसह तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहावयास जातो. उघड्या माळावर एकमेकांच्या चुलीशी जेवणाऱ्या त्या माणसांचा आनंद मला मनापासून मोलाचा वाटतो. मात्र तीन दिवस उघड्यावर एकत्र राहण्याचा निश्चय गाव आपल्या बुद्धीने करू शकणार नाही, त्यासाठी पाषाणाचीच अनुज्ञा पाहिजे, हे मला मान्य नाही.

गावाला ती बुद्धी आहे, याचा पुरावा आमच्या तळाशीललाच सापडतो. समुद्र दर पावसाळ्यात किनारा खात चालला आहे. नारळी पौर्णिमेला माझे गावकरी दर्याला भक्तिभावाने नारळ अर्पण करतात. पण घरे वाचविण्याचा प्रश्न आला म्हणजे दगडी धूपप्रतिबंधक बंधाऱ्यासाठी ते सरकारदरबारी अर्ज करतात, आणि काम रखडले तर जबाबदार अधिकाऱ्याला जाब विचारतात. जाब विचारण्याचा हा जो अधिकार ते समुद्राच्या बाबतीत बजावतात, तोच लग्नाच्या, आजाराच्या आणि मानपानाच्या बाबतीत देवळाच्या पायरीशी सोडून का देतात?

यावर काही सुधारक म्हणतील की, देवाचा प्रश्न काढूच नये, केवळ शोषणाविरुद्ध लढावे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हीच भूमिका होती, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाल्यानंतर त्याच वर्षी जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो या संयमी भूमिकेवाचून झाला नसता, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. तथापि मी डॉ. श्रीराम लागूंच्या बाजूचा आहे. परमेश्वराला आता निवृत्त करावे, असे ते उघडपणे म्हणत. कायदा भोंदूला शिक्षा देऊ शकतो. पण आमच्या गुरवाने कोणालाही फसविले नव्हते, एक कवडीही जास्त घेतली नव्हती. तो प्रामाणिक होता, आजोबा प्रामाणिक होते, आणि तरीही अन्याय झाला, कारण आपण निर्णय करीत आहोत हेच त्यांपैकी कोणाला ठाऊक नव्हते. अशा ठिकाणी मूळ कल्पनेलाच हात घालावा लागतो. विशेष हे की, लागू आणि दाभोलकर हा मतभेद न झाकता महाराष्ट्रात गावोगावी एकाच व्यासपीठावर बसून त्याची चर्चा करीत, आणि श्रोते ती ऐकून घेत.

१८९३ साली लोकमान्य टिळकांनी ज्या गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, त्यात व्याख्यानांना प्रथमपासून स्थान होते. आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात आरती आहे, प्रसाद आहे, नाटक आहे. एक तास अशा वादासाठी ठेवावा, आणि आस्तिकांच्या बाजूने बोलणारा वक्ता आस्तिकांनीच निवडावा, असा अर्ज मी माझ्या सहीनिशी कार्यकारिणीकडे दिला आहे.

गेल्या खेपेस गावी गेलो असता आत्येला देवळापर्यंत पोचवून मी तिच्या चपलांपाशी उभा राहिलो. परत आल्यावर तिने प्रसादाची फुले माझ्या हातावर ठेवली आणि विचारले, "भायर कित्याक रवलंस?" मी तिला ही सारी हकिकत प्रथमच सांगितली, त्या ओघळासकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, पाणी तिलाही दिसले होते.