भिलाईची घरे : उमेदवारांनी टाळलेला प्रश्न

महापौरपदाची निवडणूक आली की भिलाईत घरांचा प्रश्न हटकून व्यासपीठावर येतो. कोणी पोलाद वसाहतीतील लीजधारकांना मालकीचे आश्वासन देतो, कोणी झोपडपट्टीत पट्टे वाटण्याचे. काँग्रेस आणि भाजप परस्परांवर आश्वासनभंगाचा ठपका ठेवतात. परंतु कारखान्यात राबणाऱ्या कंत्राटी कामगाराने राहावे कोठे, हा प्रश्न मात्र दोघेही कटाक्षाने टाळतात.

1955 च्या भारत-सोव्हिएत करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. फेब्रुवारी 1959 मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली. दुर्ग जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन कारखान्याबरोबर सेक्टरांची वसाहतही वसविली गेली. तिच्यामागील तत्त्व स्पष्ट होते : कामगाराचे घर ही मालकाची मेहेरबानी नव्हे, ते त्याच्या श्रमाच्या मोबदल्याचेच अंग आहे.

हे तत्त्व मोडले ते कंत्राटी पद्धतीने. ऐंशीच्या दशकात साठ हजारांवर असलेली कायम कामगारांची संख्या पुढे निम्म्याहूनही खाली आली, आणि कितीतरी काम कंत्राटदारांच्या हजेरीपटावर गेले. कायम नोकरीबरोबर घरही गेले. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने उपाहारगृह, विश्रांतिगृह, प्रथमोपचार यांची तरतूद केली. वस्तीच्या घराची केली नाही. खुर्सीपार, छावणी आणि कॅम्पमधील दाट वस्त्या या वजावटीची साक्ष देतात.

अशा स्थितीत महापौर काय करणार? महापालिका 1998 मध्ये स्थापन झाली. परंतु वसाहतीची जमीन आणि घरे ‘सेल’च्या, म्हणजे केंद्राच्या कंपनीच्या ताब्यात राहिली. लीजची नियमावली तेथेच ठरते. मग मालकीचे वचन महापौरपदाचा उमेदवार कोणत्या अधिकाराने देतो? 2019 मध्ये काँग्रेस सरकारने महापौराची निवड नगरसेवकांकडे दिली. त्यानुसार जानेवारी 2022 मध्ये काँग्रेसचे नीरज पाल महापौर झाले. 2024 मध्ये भाजप सरकारने थेट निवडणूक परत आणली. निवडीची पद्धत दोनदा बदलली. जमिनीचा धनी एकदाही बदलला नाही.

पट्टा निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. मध्य प्रदेशाच्या 1984 च्या कायद्याने भूमिहीन नगरवासीयांना पट्ट्याचा हक्क दिला, आणि बुलडोझरसमोर उभ्या असलेल्या कुटुंबाला तो कागद ढालीसारखा आहे. आक्षेप आहे तो हक्काचे दान करून त्यावर मते मागण्याला. भांडवली व्यवस्था घरांचा प्रश्न सोडवीत नाही, एका वस्तीतून दुसरीकडे केवळ ढकलते, हे एंगेल्सने 1872 मध्येच दाखवून दिले होते.

म्हणून पक्षाच्या कार्यकर्त्यांनी प्रत्येक उमेदवाराला सभेत जाहीरपणे विचारले पाहिजे : पर्यायी घर दिल्याशिवाय एकही वस्ती हटणार नाही, असा ठराव महापालिकेत मांडणार काय? वसाहतीतील रिकामी घरे दुरुस्त करून कंत्राटी कामगारांना द्या, असे ‘सेल’ला आणि केंद्राला ठणकावणार काय? कायम स्वरूपाच्या कामाला कायम कामगार, या मागणीमागे उभे राहणार काय?

याच भिलाईत 28 सप्टेंबर 1991 रोजी शंकर गुहा नियोगींची हत्या झाली. 1 जुलै 1992 रोजी रेल्वेमार्गावर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. मतभेद काहीही असोत, ते कामगार जगण्याइतके वेतन आणि कायम नोकरी मागत होते. ती मागणी ज्याच्या जाहीरनाम्यात नाही, त्याच्या घरांच्या आश्वासनाला पाया नाही.