दोन बाटल्या, एकच औषध

सोयाबीनच्या मळणीचे दिवस आले की कनेरगाव नाका परिसरात भुसा हवेत तरंगू लागतो आणि मुलांच्या शिंका सुरू होतात. मग फडताळातली ॲलर्जीची बाटली निघते, शिवाय सर्दीची नवीही येते. नावे निराळी, पण दोहोंत क्लोरफेनिरामाइन असू शकते. दोन्ही पाजल्यास मात्रा दुप्पट होऊन मूल गुंगीत पडते, क्वचित उलट बेचैन होते. म्हणून नाव नव्हे, घटक वाचावेत. हे द्रव्य फिनाइलेफ्रिनसह असलेले मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला.

सेटिरिझिनच्या सिरपात बहुधा ५ मिलीलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम औषध असते. थेंबांच्या बाटलीतले प्रमाण वेगळे. तराजूचा काटा रोज पारखणाऱ्या घरांत औषध मात्र पोह्यांच्या चमच्याने मोजले जाते, हे नवलच. बाटलीसोबतचे मापच वापरावे. मात्रा वय व वजन पाहून डॉक्टरांनी ठरवावी. थोरल्याची मात्रा धाकट्यास चालत नाही. प्रवासात मूल झोपावे म्हणून हे औषध पाजणे सर्वस्वी अयोग्य.

ओठ वा जीभ सुजली, श्वास लागला, तर सिरपवर विसंबू नये. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.